पिपाणीची ‘पी’ आणि कझूचा ‘झू’

पिपाणी हे नाव म्हणजे त्या खेळण्याच्या आवाजाचीच नक्कल आहे. महाशिवरात्रीला मुक्ताईनगरजवळच्या कोथळीत आणि तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवला भरते तशा कोणत्याही यात्रेत पिपाणी आधी ऐकू येते, मग दिसते. अमेरिकेतल्या कझू या खेळण्याचे नावही आवाजावरूनच पडले असे बहुतेक कोशकार मानतात. मात्र दोघांची वाजण्याची रीत अगदी वेगळी आहे.

पिपाणीच्या तोंडाशी पातळ पट्टीची जीभ असते. फुंकर बसली की ती सेकंदाला शेकडो वेळा फडफडते. सूर ठरतो तो तिच्या लांबी-जाडीवर, म्हणून साध्या पिपाणीतून एकच सूर निघतो. पिंपळाच्या कोवळ्या पानाची गुंडाळी करून तिचे एक टोक दाबून चपटे केले, की पानाच्या दोन कडा हेच काम करतात. सनईच्या पत्तीचे तत्त्वही हेच.

कझूत नुसते फुंकून काहीच होत नाही, गुणगुणावे लागते. सूर गळ्यातल्या स्वरतंतूंचा असतो. नळीच्या भोकावरचा पातळ पडदा त्या सुराबरोबर थरथरतो आणि त्यात वरच्या पट्टीतल्या कंपनांची भर घालतो. त्यामुळे गोड गळ्यातूनही घरघरीत, झणझणता आवाज येतो. गाणाऱ्याला जेवढे सूर येतात, तेवढे कझूला येतात.

नावांतला फरकही ध्वनिशास्त्राला धरून आहे. ‘ई’ म्हणताना तोंडात 2000 हर्ट्झच्या वरची कंपने उठून दिसतात, म्हणून चिरक्या पिपाणीला ‘ई’ शोभते. ‘ऊ’मध्ये जोर 1000 हर्ट्झच्या खालच्या कंपनांवर असतो, आणि ‘झ’मध्ये कंठाच्या नादाबरोबर हवेचे घर्षण ऐकू येते. गुणगुण आणि थरथर एकत्र झाली, की ‘झू’ हे अक्षर त्या आवाजाच्या फार जवळ जाते.

‘कझू’ हे नाव वॉरन हर्बर्ट फ्रॉस्ट यांच्या 9 जानेवारी 1883 च्या अमेरिकी पेटंटात आढळते. त्याआधी, 1840 च्या दशकात जॉर्जिया राज्यात हे वाद्य जन्मले अशी कथा सांगतात. तिला कागदोपत्री आधार नाही. वाद्याची कल्पना मात्र कितीतरी जुनी. फ्रेंच अभ्यासक मारँ मर्सेन यांनी 1636 च्या ग्रंथात कांद्याचा पापुद्रा ताणलेल्या अशाच नळीचे वर्णन केले आहे. भारतातला न्यासतरंग तर तोंडाला लावतही नसत. पितळेची ती जोडी गळ्यावर टेकवून वादक गुणगुणे आणि कोळ्याच्या कोशाचा पडदा वाजे. या घराण्यातले इतके नाजूक वाद्य क्वचितच सापडेल.

पपईच्या पानाच्या पोकळ देठाचाही कझू होतो. वीतभर तुकड्याच्या एका टोकावर कांद्याच्या पाकळ्यांमधला ओला पापुद्रा ताणून दोऱ्याने बांधावा, त्याच टोकाजवळ देठाला एक भोक पाडावे आणि दुसऱ्या टोकातून ‘ऊ’ म्हणत गुणगुणावे. पापुद्रा वाळून कडक झाला किंवा सैल पडला, तर आवाज बसतो.