उजेडाचा आवाज

उजेड डोळ्यांना दिसतो. तो कानांना ऐकू येईल का? तुम्ही म्हणाल, गुरुजी थट्टा करतात. थट्टा नाही, मंडळी.

मृगात वीज चमकते, मागून गडगडाट होतो. ढगावर ढग आपटतो म्हणून नव्हे. विजेच्या वाटेवरची हवा एका क्षणात भयंकर तापते, फुगते आणि धक्का देते. तोच गडगडाट. वस्तू तापली की फुगते, निवली की आकसते. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव तापवूनच चढवतो, ते याचसाठी.

आता पुढे ऐका. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल यांनी १८८० साली अमेरिकेत एक गंमत पाहिली. भोके पाडलेली चकती त्यांनी उन्हात गरगर फिरवली. भोकांतून ऊन तुटक तुटक पुढच्या वस्तूवर पडू लागले. वस्तूला नळी जोडून कान लावला, तर गुणगुण ऐकू आली! ऊन पडले की वस्तू किंचित तापते आणि तिला लागलेली हवा फुगते. ऊन अडले की हवा आकसते. होळीच्या ढोलाचे कातडे हवा हलवते, तसेच हे. ऊन सारखे पडत राहिले तर आवाज नाही. सर्वांत मोठा आवाज कशाने दिला? दिव्याच्या काजळीने. काळी वस्तू उजेड जास्त पिते ना!

पुढे बरीच वर्षे हा शोध पडून राहिला. जोरदार उजेड आणि बारीक आवाज टिपणारी यंत्रे आली, तेव्हा त्याचे दिवस फिरले. पिकते केळे इथिलीन नावाचा वायू सोडते आणि शेजारची केळीही पिकवते. हा वायू एक अब्ज भाग हवेत एक भाग असला, तरी त्याच्यावर योग्य उजेड टाकून आवाजावरून ओळखता येतो.

खरी मोलाची गोष्ट रक्ताची आहे. अंगावर लेसरचा अगदी क्षणभर झोत टाकतात. रक्त तो पिते आणि कणभर तापते. त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, यंत्राला येतो. त्यावरून आतल्या शिरांचे चित्र निघते. प्राणवायू असलेले रक्त आणि नसलेले रक्त उजेड वेगवेगळा पितात, म्हणून तेही कळते. मात्र उजेड अंगात थोडेच सेंटीमीटर शिरतो.

कर्करोगाची गाठ रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. स्तनातल्या गाठी तपासणाऱ्या अशा एका यंत्राला अमेरिकेत २०२१ साली सरकारी परवानगी मिळाली. पण ते यंत्र गावाकडे येईल म्हणून वाट पाहत बसू नका. गाठ दुखत नाही म्हणून बाया ती लपवतात, हेच घातक. सोनोग्राफी आज होते, ती करून घ्यावी.

आणि आपल्याकडचा सिकलसेल? त्याची तपासणी बोटातल्या रक्ताच्या थेंबापासून सुरू होते. नुसता उजेड टाकून सांगतो, असे बाजारात कोणी म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका.