'बरें' म्हणजे किती बरे?

केळबाईच्या मुळगावात कुणाच्या घरी गेलात, तर उठताना दोन्हीकडून एकच शब्द निघतो. पाहुणा म्हणतो, "बरें." घरधनीणही म्हणते, "बरें." एकाचा अर्थ 'येतो', दुसरीचा 'या'.

जपानी भाषेत 'सुमिमासेन' असा शब्द आहे. माफी मागायला तोच, आभार मानायला तोच आणि उपाहारगृहात वाढप्याला हाक मारायलाही तोच. त्याचे कौतुक आम्ही ऐकतो; पण आपल्या 'बरें'कडे कुणी ढुंकून पाहत नाही. उपकाराला 'देव बरें करूं'. दुखणे उतरले की 'आता बरें आसा'. नको म्हणत असताना पोर झाडावरून पडले की 'बरें झालें!' गोष्ट सांगणाऱ्याला 'बरें, मागीर?' आणि वाद विकोपाला जाऊ लागला की नुसते 'बरें, बरें'. दोडामार्गापलीकडे मालवणी मुलखात त्याचे 'बरा' होते, एवढेच. 'बऱ्या बोलाने चल' यात तर चक्क धमकी आहे, आणि 'बरेवाईट झाले तर' म्हणताना मरणाचे नाव टाळलेले असते. (बरोबर हा शब्द मात्र या घरातला नव्हे, तो फारसीतून आला.)

हा शब्द मराठीचा की कोकणीचा, यावर आमच्या समितीत एकदा चांगलीच जुंपली. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही मुभा ठेवली. तेव्हापासून आम्हा मराठीवाद्यांना घरातल्या बोलीचा शब्द उच्चारतानाही धास्ती वाटते, की आपण पलीकडच्यांच्या हाती कोलीत तर देत नाही ना? एका सहकाऱ्यांनी सुचविले, मुलांच्या निबंधातले असे शब्द तांबड्या शाईने खोडावेत. आम्ही वर्षानुवर्षे तेच करीत आलो होतो, म्हणून गप्प बसलो.

पण खोडून भागत नाही, हे आम्हांला एका प्रगतिपुस्तकाने शिकविले. मुलगा गणितात कसाबसा तरला होता. आम्ही शेरा लिहिला: 'बरा'. शाळेच्या मराठीत बरा म्हणजे जेमतेम. त्याची आई दुसऱ्या दिवशी परसातली केळी घेऊन शाळेत आली. तिच्या बोलीत 'बरो' म्हणजे चांगला! घरी मराठी पोथी वाचणारी बाई ती. तिला आम्ही परक्या भाषेचे कसे म्हणावे? आणि शेरा तिला उलटा कळला, यात चूक तिची की शेरा लिहिणाऱ्याची?

तिला खरे सांगावे लागले. ती क्षणभर थांबली, केळी मेजावर ठेवली आणि म्हणाली, "बरें."

त्या वर्षापासून आम्ही त्या रकान्यात एका शब्दाऐवजी पूर्ण वाक्य लिहितो.