हलका छर्रा की जड? पिस्तूल नेमबाजीतील वजनाचे गणित

तुये : सन २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिने दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पन्नास मीटर रायफलमध्ये पदक पटकावले. अशा यशाच्या बातम्या वाचून पेडण्यातील एखाद्या घरातील मुलाने किंवा मुलीने एअर पिस्तुलाचा हट्ट धरला, तर पालकांपुढे पहिला प्रश्न पैशांचा येतो. पिस्तूल एकदाच घ्यायचे असते. छऱ्यांचे डबे मात्र वारंवार घ्यावे लागतात. त्यातच एका डब्यावर ०.४८ ग्रॅम, तर दुसऱ्यावर ०.५३ ग्रॅम असे वजन लिहिलेले दिसते. या अर्ध्या दशांशाने गुणांत खरोखर फरक पडतो काय?

स्पर्धेत वापरला जाणारा छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा, शिशाचा आणि सपाट तोंडाचा असतो. सपाट तोंडामुळे कागदी लक्ष्यावर स्वच्छ गोल छिद्र पडते आणि गुण मोजताना वाद होत नाही. साधारणपणे हलका छर्रा पिस्तुलासाठी व जड छर्रा रायफलसाठी म्हणून विकला जातो. मात्र ही विभागणी नियमाने आलेली नाही, सोयीने आलेली आहे.

सोय कोणती, ते आकड्यांतून कळते. ०.४८ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सुटतो असे धरू. हवेचा दाब तोच राहिला, तर ०.५३ ग्रॅमचा छर्रा सुमारे १४३ मीटर वेगाने जाईल. दहा मीटर अंतर कापायला पहिल्याला सेकंदाचा सुमारे ६७ सहस्रांश, तर दुसऱ्याला ७० सहस्रांश वेळ लागेल. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने पहिला सुमारे २२ मिलिमीटर आणि दुसरा सुमारे २४ मिलिमीटर खाली येईल. फरक दोन मिलिमीटरांचा. मागील साइट किंचित फिरवली की तो भरून निघतो. धक्क्यातील फरकही पाच टक्क्यांच्या आसपासच राहतो. हलका छर्रा नळीतून निमिषभर आधी बाहेर पडतो, म्हणून हात हलण्यास तितका कमी अवकाश मिळतो. पिस्तुलासाठी हलका छर्रा पसंत करण्यामागचे कारण एवढेच.

आता दुसरी बाजू पाहू. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. पुढील व मागील साइटमधील अंतर ३३० मिलिमीटर असेल आणि त्यांच्या जुळणीत एका मिलिमीटरची चूक झाली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे दहाचा सात होतो. छऱ्याच्या वजनाने दोन मिलिमीटर हलणारा नेम आणि मनगटाच्या चुकीने तीस मिलिमीटर भरकटणारा नेम यांतील तफावत लक्षात घेतली, की सरावाचे तास कुठे घालवावेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग छर्रा निवडायचाच नाही का? निवडायचा, पण वजनाआधी नळीशी त्याचा मेळ पाहायचा. त्याच व्यासाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या छऱ्यांच्या डोक्याचे माप ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिलिमीटर असू शकते. नळीतील आट्यांत नीट बसणारा छर्रा एकाच जागी पुनःपुन्हा लागतो. सैल किंवा घट्ट बसणारा विखुरतो. याची परीक्षा सोपी आहे. पिस्तूल शिकंजात पक्के बसवून प्रत्येक प्रकारचे दहा-दहा छरे झाडावेत आणि ज्याची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतील तो ठेवावा. शक्य असल्यास त्याच उत्पादन-गटाचे डबे एकदम घ्यावेत. कारण नाव तेच असले तरी गट बदलला की माप किंचित बदलू शकते.

काडतुसाच्या पिस्तुलात हा विचार अधिक गंभीर होतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्यात ५.६ मिलिमीटरची काडतुसे वापरतात. त्यांचे स्फोटक मिश्रण काडतुसाच्या कडेत भरलेले असते. म्हणून ती पुन्हा भरता येत नाहीत. कारखान्यातील तयार काडतूसच घ्यावे लागते. सेंटर-फायर पिस्तुलाचे काडतूस मात्र पुन्हा भरता येते. अमेरिकेसारख्या देशांत अनेक नेमबाज ते घरी भरतात आणि गोळीचे वजन आपल्या हाताला मानवेल असे निवडतात. हलकी गोळी सौम्य दारूवर सोडली, तर धक्का कमी बसतो आणि पुढच्या नेमासाठी हात लवकर सावरतो. जड गोळी नळीत अधिक वेळ राहते. तेवढ्यात धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले जाते, म्हणून ती संथ असूनही जवळच्या लक्ष्यावर बहुधा थोडी वर लागते.

धोका येथेच आहे. हलक्या गोळीसाठी ठरलेली दारू जड गोळीमागे भरली, तर नळीतील दाब वाढतो. पिस्तूल फुटून बोटे किंवा डोळा जाऊ शकतो. त्यामुळे गोळीचे वजन बदलले की दारूचे प्रमाणही निर्मात्याच्या तक्त्यानुसार नव्याने ठरवावे लागते. अंदाजाला तेथे जागा नाही.

भारतात तर याला कायद्याची स्पष्ट चौकट आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. शेतीरक्षणासाठी बंदुकीचा परवाना असलेल्या शेतकऱ्यालाही केवळ त्या परवान्यावर काडतुसे बनवण्याची मुभा मिळत नाही. याउलट ४.५ मिलिमीटर व्यासाच्या व २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला शस्त्र नियम, २०१६ नुसार परवाना लागत नाही. नवोदितासाठी खुला आणि सुरक्षित मार्ग म्हणूनच एअर पिस्तुलाचा आहे.

तोही निष्काळजीपणे चालण्याचा नव्हे. घराच्या पडवीत दहा मीटर जागा मिळाली, तरी लक्ष्यामागे छर्रा अडवणारी भक्कम पेटी हवी आणि त्या दिशेला दार, खिडकी वा वाट नको. डोळ्यांवर चष्मा असावा. शिसे विषारी असल्याने सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. पावसाळ्यातील दमट हवेत शिशावर पांढरट थर चढतो आणि छऱ्याचे माप बिघडते. म्हणून डबे घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवावेत.

नवोदिताने सुरुवातीला मध्यम किमतीचा, पिस्तुलासाठीचा हलका छर्रा घ्यावा आणि काही महिने तोच वापरावा. छरे सारखे बदलत राहिले, तर चूक हाताची की छऱ्याची हे कधीच उमगत नाही. सलग साठ नेमांतील गुण स्थिर झाले, म्हणजे मग शिकंजा आणि निरनिराळे डबे घेऊन वजनाचा विचार करावा. तोवर ०.०५ ग्रॅमच्या फरकासाठी पालकांनी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.