माणसे तिप्पट, मग वेळ तिसरा हिस्सा?

'काळ, काम, वेग' या प्रकरणातले एक गणित तुम्ही नक्कीच सोडवले असेल : एक काम एका माणसाला 120 मिनिटे लागते, तर तीन माणसांना किती वेळ लागेल? उत्तर सोपे आहे, 40 मिनिटे. आता हेच गणित घेऊन आपण छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जाऊ या.

जून महिना आहे. शाळा उघडण्याच्या बेतात आहेत आणि पुस्तकांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नाही. समजा, त्यांतील एका दुकानाकडे एका शाळेची मोठी मागणी आली. कामे अशी : यादी वाचणे 5 मिनिटे, पुस्तके काढणे 40, वह्या काढणे 25, बिल करणे 10, गठ्ठे बांधणे 30 आणि बिलासह गठ्ठे रिक्षात चढवणे 10 मिनिटे. एकूण 120 मिनिटे.

आता तीन माणसे कामाला लागली. एका कामावर एकच माणूस, असे धरू. यादी वाचून होताच एकाने पुस्तके, दुसऱ्याने वह्या आणि तिसऱ्याने बिल हाती घेतले. ही तीन कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून ती एकाच वेळी चालू शकतात. पण पुस्तके आणि वह्या दोन्ही आल्याखेरीज गठ्ठा बांधता येत नाही आणि बांधल्याखेरीज तो रिक्षात चढत नाही. म्हणून वेळ लागतो 5 + 40 + 30 + 10, म्हणजे 85 मिनिटे. 40 नव्हे!

आरंभापासून शेवटापर्यंत जाणाऱ्या, सर्वांत जास्त वेळ घेणाऱ्या कामांच्या या साखळीला 'निर्णायक मार्ग' म्हणतात. 1957 साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी, संगणकाच्या साहाय्याने, ही हिशेबाची पद्धत बसवली.

या साखळीबाहेरच्या कामांना सवड असते. वह्यांना 15 मिनिटे उशीर झाला तरी गठ्ठे वेळेवरच बांधले जातील. म्हणून चौथा माणूस वह्यांवर लावला, तर एक मिनिटही वाचत नाही. तोच पुस्तकांवर लावला आणि 40 मिनिटांचे काम 20 मिनिटांत झाले, तर? 20 मिनिटे वाचतील असे वाटते. पण वाचतात 15च. कारण आता वह्यांची 25 मिनिटे मोठी ठरतात आणि निर्णायक मार्ग त्या बाजूने जातो.

दुकानात हा प्रश्न मिनिटांचा आहे. कोकण रेल्वेच्या बांधणीत तो वर्षांचा झाला. 1990 साली इ. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली हे काम हाती घेण्यात आले. रोहे ते मंगळूर या सुमारे 740 किलोमीटरच्या मार्गाचे सात विभाग पाडून सर्वत्र एकाच वेळी काम चालवले गेले. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा या मार्गावरील सर्वांत लांब, सुमारे साडेसहा किलोमीटरचा. तो कठीण खडकातून यंत्रांनी खोदला गेला. गोव्यातील पेडण्याचा बोगदा मात्र जेमतेम दीड किलोमीटरचा. पण तो पाण्याने भिजलेल्या मऊ मातीतून न्यायचा होता. माती वारंवार खचे. त्यात कामगारांचे प्राणही गेले. शिवाय कितीही माणसे आणली, तरी बोगद्याच्या टोकाशी मावतील तेवढ्यांनीच खोदायचे. गोव्यातील मार्गाच्या वादानेही वेळ खाल्ला होता, पण अखेरची कडी ठरला तो हा बोगदा. उडुपी ते मंगळूर गाडी 1993 सालीच धावू लागली होती. सलग मार्ग पुरा व्हायला 1998चा जानेवारी उजाडला. निर्णायक मार्ग लांबी पाहत नाही, वेळ पाहतो.

आता शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या कामांची यादी करा. प्रत्येक कामापुढे लागणारा वेळ आणि त्याआधी पुरे व्हायला हवे ते काम लिहा. कामे बाणांनी जोडा आणि सर्वांत जास्त वेळाची साखळी शोधा. मदतीला येणारे हात तिथेच लावा.

जाता जाता एक कोडे : आपल्या दुकानातील पुस्तके आणि वह्या दोन्ही माळ्यावर आहेत, शिडी मात्र एकच आणि ती एका वेळी एकालाच वापरता येते. मग तीन माणसांच्या त्या 85 मिनिटांची किती मिनिटे होतील?