हीटेड सीट तापेना? आधी फ्यूज बघा!

बाहेर उणे २० अंश तापमान असताना तापणारी सीट ही चैन राहत नाही. स्वीडनच्या ‘साब’ कंपनीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती आपल्या गाड्यांत आणली. कॅनडा, स्वीडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही आता तिची सवय झाली आहे. पण ऐन हिवाळ्यात ती बंद पडली तर?

सीट तापते कशी?
कव्हरखाली बारीक तारांची किंवा कार्बन फायबरची चटई असते. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह तिच्यातून गेला की ती तापते. पुरेशी ऊब आली, की सेन्सरमुळे प्रवाह कमी होतो किंवा थांबतो.

बिघाड कसा शोधायचा?
- दोन्ही सीट थंड : इंजिन सुरू करून पाहा. अनेक गाड्यांत त्याशिवाय हीटर चालत नाही. मग फ्यूज तपासा. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा हवा. मोठा घातला तर वायरिंग जळू शकते. नवाही उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे.
- एकच सीट थंड : सीटखालचे कनेक्टर सैल झाले असतील. बुटांबरोबर आत येणाऱ्या बर्फाच्या पाण्याने आणि रस्त्यावरच्या मिठाने ते गंजतातही.
- कनेक्टर ठीक, तरी थंड : चटईचा रोध मल्टिमीटरने मोजतात. तो साधारण काही ओहम असतो. सर्किट ‘ओपन’ दिसले, तर तार तुटली आहे. सीटवर गुडघा टेकून मागचे सामान काढण्याची सवय त्याला अनेकदा कारणीभूत असते.

दुरुस्ती की बदल?
तुटलेली तार जोडली, तर त्याच जागी जास्त उष्णता साठू शकते. त्यामुळे चटई बदलणेच योग्य.

पिवळ्या कनेक्टरला हात नको
सीटखालची पिवळी वायर बहुधा एअरबॅगची असते. तिला मल्टिमीटर लावू नका. सीट काढायची असेल, तर ते काम मेकॅनिकवर सोपवा.

खरा धोका कोणता?
थंड सीट ही गैरसोय. बेसुमार तापणारी सीट हा धोका. एकाच जागी चटका बसणे, जळका वास, कव्हरवर तपकिरी डाग यांपैकी काही जाणवले, तर स्विच बंद करा, फ्यूज काढा आणि गाडी गॅरेजला न्या. मधुमेहामुळे नसा बधिर झालेल्यांना किंवा अर्धांगवायू झालेल्यांना कातडी भाजत असल्याचे कळतही नाही. घरात असे कोणी असेल, तर त्यांच्या सीटचा हीटर बंदच ठेवा.