एक कुकर, एक बाऊल आणि फक्त तुम्ही!

रात्रीचे साडेआठ. लोकलच्या गर्दीतून सुटका झालीय, उद्याचं प्रेझेंटेशन डोक्यात घोळतंय आणि फ्रीजमध्ये काय, तर अर्धा कोबी, दोन गाजरं आणि कालची पोळी. हात आपोआप मोबाइलकडे जातो. ऑर्डर देऊन टाकायची, झालं! कारणही ठरलेलं असतं : 'एकट्यासाठी कोण करत बसणार?'

माझं भांडण आहे ते याच वाक्याशी. चौघांसाठी रांधलं की तो स्वयंपाक, आणि एकट्याचं जेवण म्हणजे नुसती पोटाची सोय, हे ठरवलं कुणी? मी मुंबईत एकटी राहते. महिन्यातली वीसेक जेवणं तरी एकटीच जेवते. ती सगळी 'चालतंय की' म्हणत उरकायची, तर मग नीट जेवायचं कधी? लग्नात? दिवाळीत?

म्हणून आठवड्यातून एकदा तरी माझ्या तीन लिटरच्या कुकरमध्ये बफ-व्हेजिटेबल सूप शिजतं. भांडं एकच, काम तासाच्या आत, आणि त्यातलाही अर्धा वेळ कुकर एकटाच राबतो. तेवढ्यात तुमची अंघोळ होते.

बफ म्हणजे म्हशीचं मांस. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५मध्ये बैल आणि वळूही त्या कायद्यात आले. म्हशीचं मांस मात्र मिळतं. तुम्ही खात नसाल तर मटण घ्या, रेसिपी तीच. चिकन असेल तर दोन शिट्ट्या पुरे. शाकाहारी मंडळींनी वाटीभर अख्खा मसूर टाकावा, त्याला भिजवायचीही कटकट नाही.

खाटकाकडे महागाचा मऊ तुकडा मागू नका. सूपला पायाकडचं, जरा चिवट मांसच हवं. पाव किलो बोनलेस, बोराएवढे तुकडे करून घ्या. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं आणि तिथेच थांबतं. कुकरमध्ये दाबामुळे ते १२० अंशांपर्यंत पोचतं. त्यामुळे मांस चिवट करणारं कोलॅजन भराभर विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. कॉर्नफ्लोअर न घालताही सूपला जो दाटपणा येतो ना, तो याचाच.

आता कृती. कुकरमध्ये दोन चमचे तेल तापवा. मांस कोरडं पुसून त्यात टाका आणि दोन मिनिटं अजिबात हलवू नका. एक बाजू तपकिरी झाली की मगच उलटा. सूपची निम्मी चव इथेच तयार होते. मग चिरलेला कांदा, पाच-सहा लसूण पाकळ्या, तमालपत्र आणि आठ-दहा मिरे परता. दोन टोमॅटो चिरून घाला आणि तळाला चिकटलेलं सगळं उलथन्यानं खरवडून घ्या. ते फेकायचं नाही हं, तोच तर माल आहे! तीन ग्लास पाणी, मीठ, झाकण. एक शिट्टी झाली की गॅस मंद करा आणि वीस मिनिटं विसरून जा. (कुकर दोन तृतीयांशपेक्षा जास्त भरू नका.)

वाफ आपोआप जिरू द्या. झाकण उघडून मांस बोटानं दाबून बघा. तुटत नसेल तर अजून पाच मिनिटं. आता भाज्यांची एण्ट्री : एक बटाटा, दोन गाजरं, मूठभर फरसबी. झाकण न लावता आठ-दहा मिनिटं उकळा. कोबी अगदी शेवटी, तीन मिनिटांसाठी. भाज्या आधीपासून घातल्या तर त्यांचा लगदा होतो आणि मग सूप कुठलं, खिचडीच! वरून लिंबू आणि कोथिंबीर. सोबत कोपऱ्यावरच्या बेकरीतला ब्रून पाव. मस्त!

खूपच उशीर झालाय? मग तुकड्यांऐवजी खिमा घ्या. तो परतून, भाज्या बारीक चिरून, उघड्या कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत सगळं तयार.

एवढ्यात दोन जेवणं होतात. उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा आणि खाताना खळखळून उकळा. दुसऱ्या दिवशी त्यात शेवया किंवा उरलेला भात टाकला की नवाच पदार्थ. 'एकट्यासाठी'वाल्या वाक्याला माझं उत्तर तेच : आज केलं, उद्याही जेवलो.

आणि हो, सूप थेट कुकरमधून चमच्यानं ओरपू नका. कपाटात वरच्या फळीवर पाहुण्यांसाठी ठेवलेले ते चांगले बाऊल आहेत ना? त्यातला एक खाली काढा. आजचे पाहुणे तुम्हीच.