चुकीचे पर्याय नीट निवडा

लेखमाला : पडद्यावरचा वर्ग – भाग ६

व्हिडिओ किती मोठा असावा, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. संशोधक फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची नोंद तपासली, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी बहुतेक विद्यार्थी सहा मिनिटांच्या आसपासच पाय काढता घेतात, असं दिसलं. हा आकडा आता प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षणात ऐकू येतो. त्यातून निघालेला सोपा उपाय म्हणजे पाऊण तासाच्या रेकॉर्डिंगचे आठ तुकडे करायचे आणि चढवून मोकळं व्हायचं. आता गोची अशी, की पाऊण तासाचं कंटाळवाणं व्याख्यान आठ तुकड्यांतही कंटाळवाणंच राहतं. एक तुकडा संपल्यावर आणि दुसरा सुरू होण्याआधी विद्यार्थ्याने काय करायचं, हे कुणी ठरवलेलंच नसतं. आजचा भाग त्या मधल्या जागेबद्दल, म्हणजे प्रश्नांबद्दल.

सरकारी चौकटीत प्रश्नांना मानाचं पान आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला चार अंगं लागतात : व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम विद्यार्थी ‘स्वयम्’वरून करू शकतो, म्हणजे हा काही हौसेचा मामला राहिलेला नाही. प्रत्यक्षात मात्र आधी स्टुडिओची तारीख ठरते, मग स्लाइड्स होतात, आणि प्रश्न सगळ्यात शेवटी, पुस्तकाच्या मागून उचलून आणले जातात. ‘घसारा म्हणजे काय?’ आणि खाली चार व्याख्या. तीन इतक्या हास्यास्पद, की विषय न वाचलेलाही चौथीवर टिचकी मारेल.

असे प्रश्न वाया जातात याचं वाईट वाटतं, कारण प्रश्न हे शिकवण्याचंच साधन आहे. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर तो बंद करून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. गंमत म्हणजे आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. व्हिडिओचंही तेच होतं. मास्तर छान समजावतात, आपण मान डोलावतो, आणि समजलं असं वाटतं. समजलं की नाही, हे उत्तर लिहायला बसल्याशिवाय कळत नाही.

मग चांगला प्रश्न कसा करायचा? घसाऱ्याचंच उदाहरण घेऊ. एक लाख रुपयांचं यंत्र, दरवर्षी उरलेल्या किमतीवर १० टक्के घसारा. तिसऱ्या वर्षाचा घसारा किती? बरोबर उत्तर ८,१०० रुपये. आता चुकीचे पर्याय काय ठेवायचे? ‘५,०००’ किंवा ‘१५,०००’ ठेवून जागा भरता येईल, पण ते कुणी निवडणार नाही, आणि निवडले तरी त्यातून काही कळणार नाही. १०,००० ठेवा. हा पर्याय निवडणारा विद्यार्थी अजून मूळ किमतीवरच घसारा काढतोय. ९,००० ठेवा. त्याला पद्धत कळलीय, वर्ष मोजण्यात तो एकाने मागे राहिला. २७,१०० ठेवा. त्याने तिन्ही वर्षांचा घसारा एकत्र केला, म्हणजे त्या वर्षाचा घसारा आणि एकूण जमा घसारा यांत त्याची गल्लत होतेय. तीन चुका, तीन वेगळी दुखणी. त्यामुळे उत्तर दिल्यावर पडद्यावर जे उमटेल तेही तीन तऱ्हांचं हवं. २७,१०० निवडणाऱ्याला ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ सांगून काय उपयोग? ‘ही तीन वर्षांची बेरीज झाली; आपल्याला फक्त तिसऱ्या वर्षाचा आकडा हवाय’ एवढं एक वाक्य त्याच्या दहा मिनिटांची बचत करतं. वर्गात हे काम मास्तर वहीवर वाकून करतात. ऑनलाइन वर्गात ते आधीच लिहून ठेवावं लागतं. मेहनत खरी इथे आहे, कॅमेऱ्यासमोर नाही.

हे तंत्र काही संगणकाने आणलेलं नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पुस्तकं ज्यांनी हाताळली असतील त्यांना मजकुराच्या मध्येच येणारे ‘स्वयं-अध्ययन प्रश्न’ आठवतील. हे विद्यापीठ १९८९ चं. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरूनच ती पुस्तकं लिहिली गेली. व्हिडिओ आल्यावर आपण शिक्षक समोर आहे असं समजायला लागलो, आणि तिथेच फसलो. मुंबईच्या आयआयटीत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थिकेंद्री अभ्यासक्रमांचा जो आराखडा केला, त्यात व्हिडिओच्या आतच थांबे ठेवले आहेत. शिक्षक प्रश्न विचारतो, व्हिडिओ थांबवून उत्तर वहीत लिहायला सांगतो, आणि पुढे त्याची चर्चा करतो. याला कसलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. फोनवर रेकॉर्ड करणाऱ्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिकेलाही हे उद्यापासून करता येईल.

आता गुणांचं. आयआयटींच्या ‘एनपीटेल’ या उपक्रमातल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत साधारणपणे दर आठवड्याच्या गृहपाठाला २५ टक्के आणि केंद्रावर होणाऱ्या परीक्षेला ७५ टक्के भार असतो. हिशेब म्हणून ही विभागणी ठीक आहे. पण ज्या प्रश्नाला गुण आहेत त्याची उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरणारच, आणि मग विद्यार्थी चुकतच नाही. तो न चुकला तर आपल्या त्या तीन पर्यायांना काही अर्थ उरत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : व्हिडिओच्या मधल्या प्रश्नांना शून्य गुण ठेवावेत, आणि हव्या तेवढ्या वेळा सोडवू द्यावेत. गुणांशिवाय पोरं हात लावत नाहीत, ही तक्रार खरी आहे. प्रश्न रटाळ असला की नाहीच लावत. आठवड्याच्या गृहपाठात त्याच चुकांवर बेतलेले, आकडे बदललेले प्रश्न येणार आहेत हे एकदा लक्षात आलं की लावतात.

राहता राहिला सवाल, या चुका शोधायच्या कुठे. त्या कल्पनेने सुचत नाहीत. सुचतात त्या विद्यार्थी सहसा करत नाहीत. त्या सापडतात तपासलेल्या पेपरांत. पुढच्या भागात ऑनलाइन चर्चा का रंगत नाही ते पाहू. तोवर एक विनंती : घटक चाचणीचे जुने पेपर रद्दीत घालण्याआधी एखाद्या धड्यापुरत्या तरी विद्यार्थ्यांच्या चुका वहीत उतरवून ठेवा.